धुरपदाबाईच्या अंगणातली ओल

बोरी गावातल्या त्या गल्लीत नळाला पाणी आलं की लोकांना ते नळाच्या आवाजावरून कळत नाही, धुरपदाबाईच्या आवाजावरून कळतं. आधी नवऱ्याच्या नावाने हाक, मग मोटारीच्या नावाने शिव्या, मग परत नवरा. पाणी येणार आठवड्यातून एकदा, तेही कधी सकाळी तर कधी भर दुपारी, आणि नेमका त्याच वेळेला नवरा, पंडित, घरात नसणार. मग ही बाई एका हाताने पदर खोचत, दुसऱ्या हाताने मोटारीची वायर ओढत, तोंडाने साऱ्या खानदानाचा उद्धार करत नळाच्या खड्ड्यात उतरणार. नळाची धार करंगळीएवढी. म्हणून प्रत्येक घराने मोटार घेतलेली, पाणी आलं की ओढून हौद भरायचा. असं करू नये हे सगळ्यांना ठाऊक आणि सगळेच करतात.

आता बाईचा स्वभावच तापट, हे कबूल. पण दिवाळीपासून तिच्या हौदात जे पाणी पडत होतं ते बघून एखादी गरीब गायसुद्धा भडकली असती. गढूळ, मातीचा वास मारणारं, तळाला बोटभर गाळ. तुरटी फिरवा, फडक्याने गाळा, उकळा, काही करा, वास जायचा नाही. आणि शेजारच्या भागुबाईच्या नळाला, त्याच रस्त्यावरच्या त्याच लाइनवर, पाणी कसं? आरशासारखं! हे बघून तर धुरपदाबाईच्या अंगाची लाही लाही व्हायची.

आणि हे नुसतं पाण्याचं दुखणं असतं तर तिने चार शिव्या देऊन सोसलं असतं. पण मधे लेक होती.

धुरपदाबाईला एकच लेक, ज्ञानेश्वरी. गेल्या वैशाखात मानवतला दिलेली. दिवाळीला माहेरी आली, हे पाणी प्याली, आणि पोट बिघडून, तोंड उतरवून, पाडव्यालाच परत गेली. तेव्हा तिला दिवस गेलेले. माघात विहीणबाईंचा, नर्मदाबाईंचा फोन आला. बोलायला गोड बाई, पण शब्द असा की मोडता येऊ नये. "धुरपदाबाई, राग मानू नका. सातव्या महिन्यात लेक माहेरी न्यायची रीत हाय, मला ठाऊक हाय. पण तुमच्याकडलं पाणी आसलं. आमच्या दारात बोर हाय. बाळंतपण हितंच करू. तुमीच या की चार दिवस."

चार दिवस! पाहुणीसारखं! धुरपदाबाईने फोन ठेवला आणि चुलीपुढं नुसती बसून राहिली. त्या दिवशी ती ओरडली नाही, म्हणून भागुबाईने भिंतीवरून डोकावून बघितलं, बाई आजारी तर नाही.

ह्यातली कळ कळायची तर मागचं थोडं सांगावं लागेल. ज्ञानेश्वरीचा जन्म घरात झालेला नाही. पंडित आणि धुरपदा तेव्हा ऊसतोडीला होते. पार तिकडं, कारखान्याच्या फडावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत म्हणजे खोपटात ती पोर झाली. शेकायला शेगडी नाही, आई जवळ नाही, न्हाऊ घालायला पाटाचं हिरवं पाणी. बारा दिवसांची बाळंतीण मोळ्या बांधायला उभी राहिली. तेव्हाच तिने ठरवलं होतं, माझ्या लेकीचं बाळंतपण माझ्या घरात होईल, कढत पाण्यानं होईल, आणि तिच्या उशाशी मी बसेन. फड सुटला, दोन खोल्या झाल्या, हौद झाला, ते सगळं मनात हेच धरून. आणि आता हौदात पाणी आहे आणि ते बाळंतिणीला देता येत नाही! कुणाचंही डोकं फिरेल.

तर पाइप कुठंतरी फुटला होता, एवढं उघड होतं. कुठं, हे कुणाला कळत नव्हतं. रस्त्यापासून नळाच्या खड्ड्यापर्यंत अंगणाखालून पाइप गेलेला, आणि तो पुरला होता खुद्द पंडितने.

"कुटून गेलाय?" धुरपदाबाईने विचारलं.

"सरळ."

"सरळ म्हंजी कुटून?"

"सरळ म्हंजी सरळ. पाइप काय नागमोडी घालतेत का?"

आधी प्लंबर बोलावला. शिवशंकर त्याचं नाव. फोन केला की "आलोच मावशी" म्हणतो आणि आठवड्याने येतो. आला तो नेमका पाण्याच्या दिवशी आला, हे नशीब. म्हणाला, मोटार चालू करा, पाइप भरू द्या, लीक असलं की पाणी वर फेकेलच. मोटार घुमली. शिवशंकर, पंडित आणि धुरपदाबाई अंगणभर वाकून वाकून बघत फिरले. एक थेंब नाही. अंगण ठणठणीत.

"लीक न्हाईच मावशी. पाणीच वरून गढूळ यायलंय."

"वरून गढूळ यायलंय तर मग भागूच्या घरी काय गाळण लावून यायलंय का रे?"

ह्यावर शिवशंकरने नळाचा कॉक बदलला, सायकलच्या ट्यूबची पट्टी मोटारीच्या तोंडाला आवळली आणि निघून गेला. पाणी तसंच.

बरं, लीक नाही म्हणावं तर भागुबाईची भिंत ओली. अंगणाचा उतार तिच्या न्हाणीघराकडे. पाण्याच्या दिवशी दोन-तीन तास उलटले की त्या भिंतीच्या बुडाशी ओल चढायची, चुन्याचे पोपडे गळायचे. पंडितने तिथं खणलं. कमरेएवढा खड्डा झाला, त्यात ओली माती निघाली, फुटका कंगवा निघाला, पाइप काही निघाला नाही. धुरपदाबाईचा संशय मग भागुबाईवरच गेला. मागच्या साली न्हाणीघर बांधताना हिच्याच गवंड्यानं पाइपाला पहार घातली असणार! भिंतीच्या अल्याड-पल्याड त्या दिवशी जे बोलणं झालं ते इथं सांगण्यासारखं नाही.

"अगं माझी भित पडायली आन् वर मलाच बोलतीस?" भागुबाई म्हणाली. "तुझ्या पाण्यानं पडायली!"

"माझं पाणी तर तुझ्या गवंड्यानं काढलंय!"

पंधरा वर्षांची जोडी, एकीच्या घरची भाजी दुसरीच्या ताटात. बोलणंच बंद झालं.

राहिला पंडित. आता ह्या माणसाचं एक निराळंच आहे. तळहातावर नारळ आडवा ठेवून जमिनीतलं पाणी सांगायचा त्याला नाद. नारळ उभा राहिला की खाली पाणी. त्याने दाखवलेल्या जागी चार जणांनी बोर घेतले. दोघांचे कोरडे गेले, तिसऱ्याला हंडाभर लागलं, आणि चौथा अजून त्याच्याशी बोलत नाही. एका सकाळी धुरपदाबाई बाहेर येऊन बघते तर हा बाबा नारळ घेऊन अंगणात सावकाश पावलं टाकत फिरतोय.

"अवो, काय करायलाव?"

"बोलू नको. पाइप हुडकायलोय."

नारळ मेढीपाशी आला आणि टुण्णकन उभा राहिला. पंडितचे डोळे चमकले. "हितं हाय बघ!"

"हितं? मेढीखाली?" धुरपदाबाईने कपाळाला हात लावला. "सरळ गेलाय म्हनलाव न्हवं? सरळ मेढीपशी कसा यील? ठिवा तो नारळ. रातच्या कालवनाला व्हईल."

मेढ म्हणजे ज्ञानेश्वरीच्या लग्नाची मुहूर्तमेढ. उंबराची चांगली मनगटाएवढी फांदी, मांडवाच्या दिवशी अंगणात हळदकुंकू वाहून पुरलेली. लग्न उरकलं, मांडव उतरला, बाकीचे बांबू मंडपवाला घेऊन गेला. मेढ मात्र धुरपदाबाईने काढू दिली नाही. पाचव्या दिवशी काढू म्हणाली, मग ज्येष्ठात काढू म्हणाली, मग विषयच काढू देईना. येता-जाता अंगणात ती दिसली की लेक परवाच गेली असं वाटायचं, दुसरं काही नाही.

आणि मग भाद्रपदाच्या शेवटी त्या वाळक्या मेढीला पालवी फुटली. कोवळी, तांबूस. त्याच आठवड्यात मानवतहून लेकीचा फोन आला, की आई, मला दिवस गेलेत. आता सांगा, ह्यापुढं त्या मेढीला हात लावायची कुणाची छाती होती? सगळ्या गल्लीच्या बायका कुंकू लावून गेल्या. पावसाळा सरला तरी उंबर हिरवागार. दिवाळीत हिरवा, पौषात हिरवा. आठवड्याने येणाऱ्या पाण्यातला तांब्याभरसुद्धा कुणी त्याला घालत नव्हतं, पण तो आपला वाढत होता. देवाची करणी म्हणून धुरपदाबाई लांबूनच हात जोडायची. अहो, उंबर कोरड्यात वाढत नाही हे शेंबड्या पोराला कळतं! पण जिथं जीव गुंतलेला असतो तिथं माणसाला दिसत नाही, आणि हिला तर कुणी सांगायचीही सोय नव्हती.

फाल्गुन लागला. सातवा महिना तोंडावर. पाण्याचा दिवस होता. लेक येवो न येवो, धुरपदाबाईने आदल्या दिवशी भिंती झाडल्या होत्या, आणि त्या सकाळी अंगण शेणाने लख्ख सारवलं होतं. दुपारी पाणी आलं. तिने आरोळी ठोकली, पंडित पळत आला, मोटार लावली, आणि हौदाचा तळ झाकतोय न झाकतोय तोच लाइट गेली.

"मेली आत्ताच जायची हुती!"

तिने रागाने नळाचा कॉक बंद केला आणि उंबऱ्यावर येऊन बसली. लाइनला पाणी आहे, हौद रिकामा आहे, लेक दुसऱ्याच्या घरी बाळंत होणार आहे, नवऱ्याच्या हातात नारळ आहे. काय करावं माणसानं? रडावं का जाऊन लाइटीच्या खांबावर चढावं? ती अशी नुसती अंगणाकडे बघत होती.

सारवण उन्हाने सगळीकडे वाळून पांढुरकं पडलं होतं. मेढीच्या बुडाशी तेवढं काळं होतं. सावली असेल, तिला वाटलं. पण सावली पडलेली दुसऱ्या बाजूला. बघता बघता ते काळं पसरलं, चमकायला लागलं, आणि त्यातून एक बुडबुडा आला. मग दुसरा. मेढीच्या भोवती ताटाएवढं डबकं साचलं.

धुरपदाबाई उठली नाही. तोंड उघडं ठेवून बघत राहिली. तेवढ्यात लाइट आली, पंडित खड्ड्यात उडी मारून कॉक उघडता झाला, मोटार घुमली, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते डबकं खाली गेलं. कुणीतरी खालून घोट घ्यावा तसं, माती-शेणासकट, गटागटा. घडीभरात तिथं नुसती ओली जमीन.

मोटार बंद, पाणी वर. मोटार चालू, चिखल आत! एरवी मोटार बंद झाली की हंडे-कळशा उचलून सगळे घरात, मग मेढीकडं बघणार कोण! आणि त्या शिवशंकरच्या बच्च्याने नेमकी मोटार चालू करूनच लीक शोधला होता. तिला एकदम सगळं कळलं आणि असा काही संताप आला की सांगता सोय नाही.

"बंद करा!" ती ओरडली. "अवो, बंद करा ती मोटार! कॉक लावा!"

"अगं, पाणी चाललंय! हौद—"

"मरू द्या तो हौद! चिखल प्यायलाव आपन दिवाळीपसून!"

पाणी आलेलं असताना मोटार बंद करायला सांगणारी धुरपदाबाई गल्लीने पहिल्यांदा ऐकली. भागुबाई भिंतीवरून बघायला आली ती तिथंच थांबली. मोटार थांबली, कॉक लागला, आणि मेढीभोवती पाणी पुन्हा वर आलं.

पंडितने नारळाबद्दल एक शब्द काढला नाही. नुसतं हळूच म्हणाला, "तिथं येक मोठा दगड लागला हुता बग पाइप पुरताना. फुटंना. मग मी त्याला वळसा घातला हुता. आता याद यायलं."

"आता?" धुरपदाबाई किंचाळली.

पंडितने पहार उचलली. तिने ती हातातून हिसकावून घेतली. रागाने नव्हे. मेढ उपटायची होती, आणि लेक पोटुशी होती. ज्या मेढीला लेकीबरोबर पालवी फुटली ती आज लेकीच्या सातव्या महिन्यात मुळासकट काढायची! काढावी तर काही वावगं झालं तर काय घ्या. न काढावी तर लेक काही ह्या घरात येत नाही. तिने घरातून हळदकुंकू आणलं, मेढीला लावलं, आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई गं, माझं चुकलंमाकलं पदरात घे. माझ्या लेकीसाटीच लावली हुती, तिच्याचसाटी काढायलेय. काय करायचं ते माझं कर, तिला हात लावू नको." डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं सोडून ती खुरपं घेऊन गुडघ्यावर बसली.

मुळं तुटू नयेत म्हणून तिने हाताने माती उकरली. आधी सुपारी निघाली, काळी पडलेली. मग तांब्याचा पैसा. त्याच्या खाली पाइप, आणि पाइपावर पहारीचा तिरपा चरा. त्या चऱ्याची भेग झालेली, आणि भेगेत उंबराचं मूळ शिरून आतल्या आत झुपकाच झुपका.

"मेढीचा खड्डा खणताना," पंडित म्हणाला, "मी म्हनलं हुतं, बास झालं. तूच म्हनली, आजून खोल घ्या, लेकीचा संसार हालला न्हाई पायजे."

"म्हनले हुते," धुरपदाबाई म्हणाली.

भिंतीवरून भागुबाई फसकन हसली. "म्हंजी वर्सभर माझी भित तुज्या लेकीच्या लग्नाचं पाणी पेली की गं! जेवायचं आवतान व्हतं, ह्याचं न्हवतं!"

धुरपदाबाईने वर बघितलं. काहीतरी लागट बोलायचं होतं, पण हसूच आलं. हातभर चिखल, नाकाला पाणी, आणि हसतेय. थोड्या वेळाने भागुबाईने स्वतःच्या नळाची रबरी नळी भिंतीवरून अलीकडं सोडली आणि म्हणाली, "धर. तुजा हौद धुऊन घे आदी. मग भर."

शिवशंकर दुसऱ्या दिवशी आला. फुटका तुकडा कापला, नवा जोड घातला, सोल्युशन लावलं, आणि जाताना म्हणाला, "मला वाटलंच हुतं मावशी." धुरपदाबाईच्या हातात तेव्हा खुरपं होतं, हे बघून तो चहाला थांबला नाही.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मानवतहून गाडी आली. ज्ञानेश्वरी मागं बसलेली, आणि पुढं नर्मदाबाई, मांडीवर घरच्या पाण्याचा कॅन. पिशवी गाडीतच ठेवलेली. पाणी बघायचं आणि मग ठरवायचं, असं बोलणं झालं होतं. सगळे नळाच्या खड्ड्याभोवती उभे राहिले. पहिला लोट आला तो तांबडा. नर्मदाबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"लाइनचं हाय ते," धुरपदाबाई कशीबशी म्हणाली. "घडीभर दम धरा."

घडीभराने धार पांढरी झाली. नर्मदाबाईंनी तांब्या धरला, उजेडाकडे केला, हुंगला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला. मग दुसरा घेतला. मग तांब्या सुनेच्या हातात देत ड्रायव्हरला म्हणाल्या, "पिशवी उतरव रे बाबा हिची."

ज्ञानेश्वरी पाणी प्याली, तोंड पुसलं, आणि अंगणभर नजर फिरवली. धुरपदाबाईला ह्याचीच धास्ती होती. उंबर तिने काढून न्हाणीच्या सांडपाण्यापाशी लावला होता, आणि त्याची सगळी पानं गळून गेली होती. नुसता दांडा उभा.

"आई, मेढ काढली?"

"काढली." आवाज बारीक झाला. "काढावी लागली माय. पाइप तिच्याच बुडी हुता. रागावू नको."

"रागवू कशाला? लग्नाची मेढ कुनी ठिवतं का इतके दिस? लोक हासतेत. कवर ठिवणार हुतीस तशी?"

"तू येईस्तवर," धुरपदाबाई म्हणाली.

ज्ञानेश्वरी आईच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली, आणि धुरपदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तेवढ्यात हौद भरून पाणी अंगणात वाहायला लागलं.

"अवो!" ती नवऱ्यावर ओरडली. "मोटार बंद करा की! बगत काय ऱ्हायलाव, तुमचं बी काय डोकं टेकवायचं हाय का?"